शिशाचा बिल्ला आणि स्टीलचा डबा

वॉटलची झाडं फुलली की मला शिंका येतात आणि आमच्या मंडळाला स्मरणिका सुचते. ऑगस्ट लागला, आमच्या मेलबर्नमधल्या ग्लेन वेव्हर्लीच्या रेल्वेलाइनच्या कडेची ती झाडं पिवळ्या भुग्याने माखली, आणि काल अविनाशचा मेसेज आला. अविनाश मंडळाचा अध्यक्ष. कोविडच्या वर्षी तोच होता, आजही तोच आहे, आणि त्या खुर्चीत दुसरं कुणी बसल्याचं मला तरी आठवत नाही. "वंदना, यंदाच्या स्मरणिकेत कोविडच्या हिवाळ्यातल्या आपल्या सेवाकार्यावर लेख हवा. तेव्हा सेक्रेटरी तूच होतीस. हजार शब्द. टोन पॉझिटिव्ह ठेव." पुढे जोडलेले हात, एकदा नाही, तीनदा.

त्या हिवाळ्यात पॉझिटिव्ह म्हटलं की लोक दारं लावून घ्यायचे, हे हा माणूस साफ विसरलेला दिसतो. मी विसरलेले नाही. मला तो हिवाळा अख्खा आठवतो, आणि त्यातलं मंडळाचं सेवाकार्य तर फारच चांगलं आठवतं. म्हणून लिहायला बसले आहे. हजार शब्दांत ते मावणार नाही.

मेलबर्नचा हिवाळा, जून ते ऑगस्टचा, तसा भिकारच असतो. बर्फ पडायची ऐपत नाही आणि ऊन द्यायची दानत नाही. नुसतं ओलं, राखाडी, हाडांत शिरणारं काहीतरी. त्या वर्षी त्यात लॉकडाउन आला. घरापासून पाच किलोमीटर, दिवसाला एक तास फिरणं, रात्री आठनंतर दार बंद. शॉपिंग सेंटरच्या काचांवर कागद चिकटवलेले. नवरा गॅरेजमध्ये हीटर लावून पुण्याच्या टीमशी भांडायचा. मुलगी इरा इयर इलेव्हनला होती, ती तिच्या खोलीतून फक्त चार्जर आणि टोस्टसाठी बाहेर यायची. प्रत्येकाने मोबाइलवर आपापल्या घराभोवती वर्तुळ काढलं होतं. सुरुवातीला ते आपण कुठवर जाऊ शकतो हे बघायला काढलं होतं. दोन आठवड्यांत लोक ते दुसऱ्यांच्या घराभोवती काढून बघू लागले.

शेजारी जीन राहायची. शहाऐंशी वर्षांची, एकटी. मुलगा पर्थला, आणि राज्याची सीमा बंद, त्यामुळे तो मुलगा चंद्रावर असता तरी तिला फरक पडला नसता. जीनच्या आवारात लिंबाचं झाड होतं. मी कुंपणावरून तिला काहीही दिलं, पोहे, उपमा, साधा वरणभात, की प्लेट परत येताना त्यात लिंबं असायची. आमच्यात कुणाचं भांडं रिकामं परत देत नाहीत, निदान चमचाभर साखर तरी घालतात, हे मी तिला कधी सांगितलं नव्हतं. तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

त्या जुलैत जीनच्या डोळ्यांचं ऑपरेशन पुढे ढकललं गेलं आणि तिला वाचता येईना. नेमकं तेव्हाच बॅलरॅटच्या तिच्या भाचीला घराण्याचा इतिहास शोधायचा झटका आला. लॉकडाउनमध्ये कुणी पाव भाजत होतं, कुणी पूर्वज. जीनची खापरपणजी इझोबेल स्कॉटलंडमधल्या एका खेड्यातून जहाजाने इथे आली होती. त्या खेड्याच्या चर्चच्या जुन्या वह्या कुणीतरी स्कॅन करून ठेवल्या होत्या, आणि भाची दर आठवड्याला थोडी थोडी पानं पाठवायची. जीन मला म्हणाली, "लव्ह, तू ऑफिसात लोकांचं वाचून चुका काढतेस ना? मला हे वाचून दाखव." मी सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. पण एका अर्थी ती बरोबर होती.

मग रोज दुपारी चार वाजता मी कुंपणाच्या ह्या बाजूला प्लास्टिकच्या खुर्चीवर, ती त्या बाजूला गोधडी पांघरून, दोघींच्या तोंडाला मास्क. मी टॅब्लेटवर पानं मोठी करून वाचायची. पहिल्याच दिवशी तिने कार्डिगनच्या खिशातून एक वस्तू काढून कुंपणाच्या फळीवर ठेवली. अंगठ्याच्या नखाएवढा, चौकोनी, काळपट शिशाचा बिल्ला. वर दोन अक्षरं आणि झिजलेले आकडे. "इझोबेल आली तेव्हा हा तिच्या पेटाऱ्यात होता," जीन म्हणाली. "आमच्या घरात म्हणतात, ती फार धार्मिक होती, म्हणून चर्चने तिला हे मेडल दिलं."

स्कॉटलंड म्हणजे मला काय ठाऊक? ख्रिसमसला सुपरमार्केटात बिस्किटांचे डबे लागतात, त्यांवरचं. चौकड्यांचा घागरा घातलेला बाप्या, जांभळे डोंगर, एक मेंढी. त्या डब्यावरच्या खेड्यात सगळे गाल लाल असलेले आणि सुखी असतात. वहीतलं खेडं निराळं होतं. एक चर्च, त्याच्या आसपासच्या पाच-सात वाड्या, आणि त्या सगळ्यांच्या मानगुटीवर बसलेले सहा जण. पाद्री, आणि एल्डर म्हणवणारे पाच पंच: दोन मोठे शेतकरी, गिरणीवाला, लोहार आणि एक निवृत्त सार्जंट. दर पंधरवड्याला हे सहा बसायचे आणि गावात कोण कसं वागलं याचा निवाडा करायचे. सुरुवात प्रार्थनेने, शेवट प्रार्थनेने, आणि मधल्या वेळात लोकांच्या चादरी उचकणं.

काय काय होतं त्या वह्यांत! एकाने रविवारी गवत आत ओढलं म्हणून त्याला बोलावलं होतं. आभाळ भरून आलं होतं, गवत भिजलं असतं, असं तो म्हणाला. त्यांनी ठरवलं की आभाळाचं देव बघून घेईल. एक बाई प्रवचनात हसली. का हसलीस, म्हणून दोन बैठका चालल्या, आणि तिने शेवटपर्यंत सांगितलं नाही. दोन जावांचं एका कोंबडीवरून भांडण झालं, त्याला पाच पानं. मेंढपाळांची कुत्री चर्चमध्ये यायची आणि प्रवचन रंगात आलं की एकमेकांना फाडायची, त्यावरही ठराव आहे. त्या अख्ख्या वहीत मला आदर वाटला तो त्या कुत्र्यांबद्दल.

मी वाचायची आणि तोंडाचा पट्टा सोडायची. "काय माणसं होती ही! दुसरे उद्योग नव्हते?" जीन हसायची. मला फार छान वाटायचं. दीडपावणेदोनशे वर्षांपूर्वी मेलेल्या गिरणीवाल्याचा तिटकारा करण्यात एक सोय असते. तो उलट बोलत नाही.

एकाच गोष्टीला मी नावं ठेवू शकत नव्हते, ती म्हणजे अक्षर. इतिवृत्त लिहायचा गावचा शाळामास्तर. सुंदर, तिरकं, मोत्याच्या दाण्यासारखं अक्षर. कुठे खाडाखोड नाही, कुठे शाई सांडलेली नाही. कोंबडीची पाच पानं त्याने ज्या हाताने लिहिली, त्याच हाताने बाकीचंही लिहिलं. मी मनात म्हणायची, ह्याला कळत असणार, हा शिकलेला होता. पण त्याच्या तोंडचं एक वाक्य वहीत नाही. तो फक्त लिहायचा.

बिल्ल्याचं कोडं ऑगस्टच्या सुरुवातीला सुटलं, म्हणजे अर्धं सुटलं. वर्षातून एकदा-दोनदा चर्चमध्ये प्रभुभोजन व्हायचं. लांबलचक टेबलं, पांढरी चादर, त्यावर पाव आणि वाइन. पण त्या टेबलावर कुणीही बसायचं नाही. आधी पंच घरोघर फिरायचे, प्रश्न विचारायचे, आणि जो लायक ठरेल त्याच्या हातावर शिशाचा बिल्ला ठेवायचे. बिल्ला असला तरच टेबलावर जागा. नसला तर तुम्ही मागे उभे राहून बघायचं, आणि अख्खं गाव तुम्हाला बघणार. "म्हणजे तिला लायक ठरवलं होतं!" जीनला एवढा आनंद झाला की गोधडी खाली पडली. मला ती माणसं आणखीच हलकट वाटली. देवाच्या जेवणाला दारावर पास मागणारे.

त्याच आठवड्यात मंडळाने गणपतीचं ठरवलं. सार्वजनिक काही करता येणार नव्हतं. मूर्ती अविनाशच्या गॅरेजमध्ये, आरती झूमवर, आणि सभासदांच्या दारात प्रसादाचा डबा, उकडीचे पाच मोदक. आधी सगळ्यांना एक ऑनलाइन फॉर्म गेला. घरात कोण कोण, कोण कामाला बाहेर जातं, पंधरा दिवसांत पाच किलोमीटरबाहेर कोण गेलं, का गेलं. "सेफ्टीसाठी," अविनाश म्हणाला. फॉर्म मीच बनवला होता. ड्रॉपडाउन वगैरे घालून, अगदी नीटनेटका.

आता मंजिरीबद्दल सांगायला हवं. आमच्या मंडळात उकडीचे मोदक म्हणजे मंजिरी. बाकीच्यांचे मोदक फाटतात किंवा बसतात, तिचे उभे राहतात. दरवर्षी हॉलच्या किचनमध्ये ती डझनभर बायकांना कळ्या पाडायला शिकवायची आणि डझनभर बायका पुढच्या वर्षापर्यंत विसरून यायच्या. साताऱ्याची, चाळिशीची. नवऱ्यापासून वेगळी होऊन दोन वर्षं झालेली, मूल नाही, एका वृद्धाश्रमात केअरर. इथे तिचं म्हणावं असं माणूस नव्हतं, मंडळच होतं. माझी पाठ गेली होती त्या वर्षी तिने महिनाभर डबा पोचवला. तेव्हापासून माझा एक स्टीलचा डबा, झाकणावर आईचं नाव घातलेला, आमच्या दोन घरांत ये-जा करायचा. कधी चिवडा, कधी जीनची लिंबं, कधी काहीच सुचलं नाही तर गुळाचा खडा. बारा वर्षांत तो एकदाही रिकामा आला-गेला नव्हता.

गणपतीच्या आठ दिवस आधी कमिटीची झूम मीटिंग झाली. सुरुवात गणपतीच्या स्तोत्राने. आम्ही चौघं: अविनाश, देशपांडेकाका, स्मिता आणि मिनिट्स लिहायला मी. देशपांडेकाका रिटायर होऊन मुलाकडे आलेले, मंडळाचे सल्लागार. स्मिता सांस्कृतिक बघायची.

"मी नाव नाही घेत कुणाचं," स्मिता म्हणाली, "पण मंजिरीची गाडी नोबल पार्कला होती. एका युनिटसमोर. तीन दिवस लागोपाठ, आफ्टरनूनला."

नोबल पार्क तिच्या वर्तुळाच्या बाहेर. स्मिताच्याही वर्तुळाच्या बाहेरच होतं, पण स्मिता तिन्ही दिवस मासळी आणायला गेली होती, आणि मासळी इसेन्शियल असते.

"कोण राहतं तिथे?" देशपांडेकाका.

"कोणीतरी मॅन आहे. यंग. पंजाबी वाटला. खिडकीत उभा होता."

"आपण जज नाही करत आहोत हं," अविनाश म्हणाला. "वी आर नॉट जजिंग. तिची पर्सनल लाइफ आहे. पण कम्युनिटीची रिस्क आहे ना? ऑलरेडी एज्ड केअरमध्ये काम करते."

"किती वेळ होती गाडी?" काकांनी विचारलं.

"पाऊण तास तरी."

"ती गाडीत बसलेली होती, की आत?"

ह्या प्रश्नापाशी माझं टायपिंग थांबलं. कारण त्याच दुपारी चार वाजता मी कुंपणापाशी बसून जीनला इझोबेलची चौकशी वाचून दाखवली होती.

इझोबेल एका शेतावर दुधाच्या कामाला होती, वीस-बावीस वर्षांची. सुगीला आयर्लंडहून मजूर आले, त्यांतला एक तापाने पडला. साथीचा ताप. शेतकऱ्याने त्याला दूरच्या कोठारात नेऊन टाकलं आणि तिकडे कुणी फिरकायचं नाही असं बजावलं. इझोबेल ओटची पेज आणि पाणी घेऊन रोज जायची. बातमी पंचांकडे गेली. तो शेतकरी स्वतःच पंचांपैकी एक. मास्तरांच्या दाण्यासारख्या अक्षरात प्रश्न आणि उत्तरं अशी होती. दार बंद होतं का? वारा होता. किती वेळ? तो झोपेपर्यंत. तू त्याच्या अंथरुणावर बसलीस का? बसायला दुसरं काही नव्हतं. चार पानं. त्या चार पानांत तो माणूस जगला की मेला, हे कुठेही नाही. दार किती वेळ लोटलेलं होतं, हे आहे.

जीन दुपारी म्हणाली होती, "एकानेही विचारलं नाही का गं, त्या बिचाऱ्याचं काय झालं?" आणि मी म्हणाले होते, "असली माणसं हे कधीच विचारत नाहीत."

स्क्रीनवर तीन चौकोन माझ्याकडे बघत होते. त्या युनिटमधला माणूस खिडकीत का उभा होता, बाहेर का आला नाही, हे कुणी विचारलं नाही. मीही विचारलं नाही. इरा मागून पाणी प्यायला आली होती, ती थबकली. "मम, धिस इज सो टॉक्सिक."

"हळू बोल," मी म्हणाले. "म्यूटवर आहे मी, पण तरी."

"दॅट्स द प्रॉब्लेम, मम," ती म्हणाली आणि टोस्ट घेऊन गेली.

अविनाशने गोड शब्दांत समारोप केला. मंजिरीला यंदा मोदक करायला सांगायचं नाही. डब्यांच्या यादीतही तूर्त धरायचं नाही, "म्हणजे डिलिव्हरीवाल्यांना एक्स्पोजर नको." कारण कुणाला सांगायचं नाही. "वंदना, मिनिट्समध्ये फक्त आरोग्याच्या दृष्टीने असं लिही." मी लिहिलं. 'आरोग्याच्या दृष्टीने एका सभासदेचे नाव यादीतून वगळण्याचे सर्वानुमते ठरले.' सर्वानुमते. तो शब्द मला कुणी सांगितला नव्हता. तो माझा. मग मी स्पेलचेक केलं आणि पाठवून दिलं.

दोन दिवसांनी मंजिरीने ग्रुपवर दरवर्षीसारखं विचारलं, "माझ्याकडे किती मोदक?" अविनाशने लिहिलं, "तू यंदा आराम कर." आराम! वृद्धाश्रमात डबल शिफ्ट करणाऱ्या बाईला. दुसऱ्या दिवशी डब्यांची यादी ग्रुपवर पडली, साठ घरांची, आडनावांप्रमाणे. तिचं नाव नव्हतं. संध्याकाळी तिच्या दोन ओळी आल्या. "दलजीत आमच्या वृद्धाश्रमाच्या किचनमध्ये कामाला आहे. पॉझिटिव्ह होता, घरात एकटा. मी दारात डबा ठेवून तो जेवेपर्यंत गाडीतून फोनवर बोलायचे. आजारी माणसाला जेवण पोचवायला पाच किलोमीटरचा नियम नाही." खाली सरकारी नियमाचा फोटो, त्या ओळीवर पिवळी खूण करून.

एरवी शुभ सकाळ आणि फुलांनी वाहणाऱ्या त्या ग्रुपवर तीन तासांनी पहिले जोडलेले हात आले. मग रांगच लागली. जोडलेल्या हातांइतकी सोयीची गोष्ट मराठी माणसाला दुसरी मिळालेली नाही, त्यात माफी मागितली असं दिसतं आणि मागावी लागत नाही. कमिटीने फोनवरच ठरवलं, तिला डबा पाठवायचा. "सॉरी नको म्हणायला," अविनाश म्हणाला, "प्रिसीडंट होतो, पुढे सगळेच मागतील. फक्त गैरसमज दूर झाला, पुढे काळजी घ्यावी, एवढं कळव." आणि गणपतीच्या दिवशी हा गृहस्थ स्वतः सहा घरांचे डबे घेऊन बारा किलोमीटरवर जाऊन आला. ते सेवाकार्य होतं.

मंजिरीचा डबा मी नेला, ती माझ्याच वर्तुळात होती. मंडळाचे प्लास्टिकचे डबे होते, झाकणावर मंडळाचं स्टिकर. मला ते नको वाटलं. मी मोदक आईच्या स्टीलच्या डब्यात भरले. मला वाटलं, ह्या डब्यातून गेले तर ते माझे होतील, मंडळाचे राहणार नाहीत. बाकी मला काही करायचं नव्हतं, फक्त भांडं बदलायचं होतं.

ती कामावरून नुकतीच आलेली, युनिफॉर्ममध्ये. मास्कच्या वर नाकावर लाल वळ.

"वंदूताई, मीटिंगला तू होतीस ना?"

"होते."

"काही बोललीस?"

"मी मिनिट्स लिहीत होते गं."

"अच्छा," ती म्हणाली. तिने डबा हातात घेतला, झाकणावरचं नाव अंगठ्याने पुसल्यासारखं केलं.

"दलजीत कसा आहे?" मी विचारलं. तेव्हा विचारलं.

"बरा आहे. शिफ्टला यायला लागला." आणि तिने दार हळूच लावलं. आपटलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

इझोबेलची शेवटची पानं पुढच्या आठवड्यात आली. पंचांना तिच्याविरुद्ध काही सापडलं नाही. पण एवढे दिवस चौकशी केली, तर काहीतरी करायला हवंच. लोकांच्या तोंडी विषय दिला याबद्दल तिला समज देऊन, पुढे काळजी घ्यावी असं सांगून, पुन्हा पंक्तीत घ्यायचं ठरलं, आणि बिल्ला तिच्या हाती दिला. मी हे वाचलं तेव्हा जीन खूश होऊन मान डोलावत होती. मी मात्र 'पुढे काळजी घ्यावी' ह्या शब्दांपाशी अडकले होते.

मग खाली दोन ओळी होत्या, वेगळ्या शाईत, नंतर लिहिलेल्या. प्रभुभोजनाच्या रविवारी टेबलावर बसण्याआधी प्रत्येकाने आपला बिल्ला परत द्यायचा असतो. पंच ते गोळा करतात, मोजतात, पुढच्या वेळेला पुन्हा तेच वाटतात. त्या रविवारी एक कमी भरला. मास्तरांनी लिहिलं होतं: इझोबेल टेबलापाशी आली नाही. ती गाव सोडून गेली आहे, समुद्रापार गेल्याचे कळते. बिल्ला परत आलेला नाही.

मी वाचायची थांबले. फळीवर तो काळा तुकडा होता, नखाएवढा. जो टेबलावर बसला त्याच्याकडे तो उरूच शकत नव्हता. तिने तो त्यांच्या हातून घेतला, मूठ मिटली, आणि त्यांच्या त्या टेबलाकडे फिरकली नाही. ते पांढऱ्या चादरीच्या दोन्ही बाजूंना वाट बघत बसले असतील.

"मेडल नाही हे," जीन हळूच म्हणाली. मग तिला हसू फुटलं, हसता हसता खोकला आला, आणि खोकता खोकता तिने बिल्ला उचलून गालाला लावला. "गुड ऑन हर! ओ, गुड ऑन यू, ओल्ड गर्ल!"

मलाही हसायचं होतं. पण मी मास्तरांच्या अक्षराकडे बघत होते. इतके दिवस मी त्या गावाला शिव्या घालत होते, त्या शिव्या किती फुकटच्या होत्या. गिरणीवाला, लोहार, सार्जंट, सगळ्यांना मी फाडून खाल्लं होतं. लिहिणाऱ्याला तेवढं अक्षरासाठी सोडलं होतं. त्याला मी का सोडलं, हे मला त्या दिवशी कळलं, आणि कळल्यावर माझी मलाच किळस आली.

मिनिट्स दुरुस्त करता आली असती. एक ईमेल, 'सर्वानुमते हा शब्द चुकीचा आहे, माझी संमती नव्हती.' पण तेही खोटं झालं असतं. माझी संमती होती. मी तिथे बसलेले होते आणि हीटर चालू होता.

सप्टेंबरच्या मध्यावर, वॉटल झडून फुटपाथवर पिवळा चिखल झालेला असताना, एका सकाळी दारात कागदी पिशवी दिसली. आत आईचा डबा. बेल वाजली नव्हती. मी तो उचलला तेव्हाच कळलं, पण तरी किचनच्या ओट्यापर्यंत नेला आणि झाकण काढलं. घासून लखलखीत केलेला, कोरडा, कोपऱ्यातसुद्धा थेंब नाही. आत काही नव्हतं. साखरेचा कण नव्हता. मंजिरी साताऱ्याची आहे, तिला हे विसरायला होत नाही. मी आतून हात फिरवून पाहिला, वेड्यासारखा.

तेव्हाच मी तिच्याकडे जायला हवं होतं. मी गेले नाही, फोनही केला नाही. पुढच्या मार्चमध्ये ती दुसऱ्या राज्यात गेली, असं कळलं. मंडळाच्या ग्रुपवर 'मंजिरी लेफ्ट' असं आलं, त्याखाली स्मिताने गुड मॉर्निंगचं फूल टाकलं. आता हॉलमध्ये मोदक फ्रोझन आणतात. ते उभे राहतात, पण चव नाही, असं सगळे म्हणतात आणि दोन-दोन खातात.

जीन गेल्या हिवाळ्यात गेली. बिल्ला तिच्याबरोबर ठेवला, भाचीने मला विचारून. का विचारलं कोण जाणे. नव्या लोकांनी लिंबाचं झाड तोडून तिथे काँक्रीट केलं.

अविनाश, हा तुझा लेख. तू छापणार नाहीस, मला ठाऊक आहे, आणि कमिटी तसं सर्वानुमते ठरवेल. ह्या वेळी मिनिट्स दुसऱ्या कुणाकडून लिहून घे.

इरा आता युनिला असते. शनिवारी आली होती. शेंगदाणे भाजून ठेवले होते, ते भरायला तिने वरच्या फळीवरून आईचा डबा काढला. "तो नको," मी म्हणाले.

"वाय? इट्स एम्प्टी, मम."

"माहीत आहे मला," मी म्हणाले, आणि तिच्या हातातून घेऊन तो होता तसा परत वर ठेवला.